आरोग्य आणि समाजशास्त्र : ही पदवी आपल्या विद्यापीठात का हवी
(मंडळाच्या प्रतापनगर येथील मासिक सभेत दिलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा पहिली शंका माझ्याच मनात आली. मी बी.कॉम. झालेला, बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. आरोग्य हा डॉक्टरांचा विषय आणि समाजशास्त्र हा प्राध्यापकांचा. मी कोण सांगणार? पण सचिवांनी ऐकले नाही. गेल्या वर्षभरात मी या एका विषयावर त्यांचे डोके फार खाल्ले आहे, त्याची ही शिक्षा समजा. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी बँकेचा नोकर आहे, कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर जात नाही. आज जे मागणार आहे ते सरकारकडून आणि विद्यापीठाकडून मागणार आहे, म्हणून त्याला राजकारण म्हणायचे असेल तर म्हणा.

सुरुवात माझ्या खिडकीपासून करतो.

क्षयाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सकस खाण्यासाठी केंद्र सरकार पैसे देते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. निक्षय पोषण योजना, २०१८ साली सुरू झाली. तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हे पैसे थेट खात्यात येतात. एक दिवस एक बाई पासबुक घेऊन आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलून सांगतो. म्हणाल्या, "भाई, पैसा आव्या नथी." मी पाहिले. खाते चालू होते, केवायसी झालेली होती, पण आधारची जोडणी आमच्या खात्याला नव्हतीच. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या गावात एक खाते उघडले होते, ते आधारला जोडलेले. सरकारचा पैसा आधारला जे खाते जोडलेले असेल तिथेच जातो. तो तिथे जाऊन पडला होता आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

इथपर्यंत माझे काम. फॉर्म दिला, अंगठा घेतला, झाले. पण फॉर्म भरताना मी सहज विचारले, औषध चालू आहे ना? तर म्हणाल्या, बंद केले. का? तर पैसे यायचे थांबले, म्हणजे सरकारच्या हिशेबाने मी बरी झाले असणार, असे त्यांना वाटले.

साध्या क्षयाच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग तो आजार फार अवघड होऊन बसतो. हे मला डॉक्टरांमुळे नव्हे, भिंतीवरच्या पोस्टरमुळे माहीत होते. मी त्यांना हात जोडून सांगितले की उद्याच दवाखान्यात जा. जाताना त्या परत वळल्या आणि म्हणाल्या, पासबुकात ती ओळ छापू नका, सासूबाई पासबुक वाचून घेतात.

आता मला सांगा, या बाईंच्या प्रकरणात चूक कोणाची? डॉक्टरांचे निदान बरोबर होते. औषध फुकट होते आणि मिळत होते. पैसे सरकारने खरोखर पाठवले होते. बँकेने नियमाप्रमाणे काम केले. प्रत्येकाची चोपडी बरोबर आणि तरी बाईंचे औषध बंद. आमच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या शाखांचा हिशेब जुळतो आहे आणि मुख्य कचेरीत तूट आहे. जे तुटले ते या चौघांच्या मध्ये कुठेतरी तुटले. माहेरचे खाते, सासूचा धाक, आजाराची लाज, आणि पैसा म्हणजे सरकारचा निरोप अशी समजूत. हे सगळे ओळखणारा, आणि आजाराची भाषाही कळणारा माणूस त्या साखळीत कोणीच नव्हता.

असा माणूस तयार करायचा तर त्याला काय शिकवावे लागेल, हा माझ्या डोक्यात शिरलेला किडा.

विषय जुना आहे. आपल्या बडोद्यात तर फारच जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १८९२ साली आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आणले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केले. मध्ये १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. आपण या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, पाणी एकीकडे, शाळा दुसरीकडे, लग्न तिसरीकडे. पण बाळंतपणात दगावणाऱ्या कोवळ्या मुलीच्या बाजूने पाहिले तर तिन्ही एकच काम आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणी ना कोणी गायकवाडी नोकरीत होते. माझे आजोबाही होते. त्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

मग १९४९ साली विद्यापीठ झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांनी इंग्लंडमध्ये समाजशास्त्र आणि पत्रकारिता यांचा अभ्यास केला होता, आणि त्यांचे यजमान डॉ. जीवराज मेहता हे नामांकित वैद्य, जे पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे आज मी ज्या दोन विषयांचे लग्न लावायला निघालो आहे ते त्यांच्या घरात अगोदरच लागले होते! त्या सुरुवातीच्या काळातच बडोद्यात समाजकार्याची फॅकल्टी, होम सायन्सची फॅकल्टी आणि मेडिकल कॉलेज उभे राहिले. ही तिन्ही एका विद्यापीठाच्या छत्राखाली असणे ही आजही देशातल्या फार थोड्या शहरांची मिरास आहे.

आज काय काय आहे ते मोजू या. सयाजी हॉस्पिटलला लागून मेडिकल कॉलेज. फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस, म्हणजे आपले जुने होम सायन्स, तिथे पोषण आहे, मानवी विकास आहे, विस्तार आणि संवाद आहे. समाजकार्य आहे. घुमटाच्या इमारतीत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. मानसशास्त्र एज्युकेशनच्या फॅकल्टीबरोबर. सायन्समध्ये संख्याशास्त्र, आणि लोकसंख्या संशोधन केंद्रही याच विद्यापीठात. विद्यापीठाबाहेर सहज नावाची संस्था १९८४ पासून बडोद्यात बायकांच्या आणि मुलांच्या आरोग्यावर काम करते आहे. सामान सगळे घरात आहे. फक्त वेगवेगळ्या खोल्यांत कुलपे लावून ठेवलेले आहे, आणि बारावी झालेल्या मुलाला सांगतात की एकच खोली निवड.

आता माझ्या घरचे सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळे तोंडदेखले वाटेल. माझी मुलगी बी ग्रुपमध्ये होती. जीवशास्त्र घेतले म्हणजे डॉक्टर व्हायचे, हे आमच्या घरी तिला न विचारताच ठरले होते. नीटमध्ये गुण कमी पडले. मी एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावले, क्लासची फी भरली. परत कमी पडले. २०२४ साली या परीक्षेला देशात २३ लाखांहून जास्त मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. रोज आकडे मोजणाऱ्या माणसाला हे प्रमाण आधी दिसायला हवे होते. दिसले नाही, कारण पोरगी आपली होती. दुसऱ्या निकालानंतर ती म्हणाली, बाबा, मला रोगी तपासायचा नाहीये, माणूस आजारी का पडतो आणि औषध का सोडतो ते शिकायचे आहे. मी तिला त्या खिडकीवरच्या बाईंची गोष्ट सांगितली होती, तीच तिने माझ्यावर उलटवली. मग आम्ही दोघे शोधायला बसलो की हे शिकवतात कुठे.

पदव्युत्तर पातळीवर सापडते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालची, तिथे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. गांधीनगरला सार्वजनिक आरोग्याची संस्था आहे. अमेरिकेत, जिथे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांची मुले आहेत, व्हँडरबिल्ट विद्यापीठात मेडिसिन, हेल्थ अँड सोसायटी नावाचा पदवीचाच मुख्य विषय आहे. पण बारावीनंतर, आपल्या गावात, आपल्या फीत? तिथे येऊन गाडी थांबते.

आणि गंमत अशी की नव्या धोरणाने वाट मोकळी करून ठेवली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा काढला. गुजरातने २०२३ पासून अंमल सुरू केला. विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा करायला ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली आहे. बँक म्हटल्यावर माझे लक्ष गेलेच! मी आराखडा आणून बसलो. चार वर्षांना किमान १६० क्रेडिट. मुख्य विषयाला ८०, गौण विषयाला ३२, इतर शाखांच्या ओळखीला ९, भाषांना ८, कौशल्याला ९, मूल्यवर्धनाला ६ ते ८, इंटर्नशिपला २ ते ४, आणि संशोधन प्रकल्पाला १२. तीन वर्षांत थांबायचे तर १२०, त्यात मुख्य ६० आणि गौण २४. आकडे मी दोनदा बेरीज करून पाहिले, ताळा जमतो.

म्हणजे कायद्याने अडचण काही नाही. मुख्य विषय पोषण आणि गौण समाजशास्त्र, किंवा मुख्य समाजकार्य आणि गौण सार्वजनिक आरोग्य, अशी जोडी कागदावर आजच शक्य आहे. पण कागदावर. एका फॅकल्टीचे वेळापत्रक दुसरीला विचारून कधी ठरले आहे? सकाळी एकीकडे तास आणि त्याच वेळी दुसरीकडे प्रॅक्टिकल. मुलीने चौकशी केली तेव्हा एका खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने तिसरीकडे. मी काही बोललो नाही. आम्हीही तेच करतो.

म्हणून माझे म्हणणे असे की दोन विषय शेजारी ठेवून भागणार नाही, पदवीच एक म्हणून आखावी लागेल. पहिल्या वर्षी शरीराची मूलभूत ओळख, पोषण, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राला आपली मुले घाबरतात, पण ते वगळले तर बाकीचे नुसते पोवाडे होतील. दुसऱ्या वर्षी रोगाचा फैलाव कसा मोजायचा ते, आरोग्याचे अर्थशास्त्र, मानसशास्त्र, सरकारी योजना आणि कायदे. तिसऱ्या वर्षापासून एक दिशा निवडावी. कोणी मानसिक आरोग्याकडे जाईल, कोणी बालपोषणाकडे, कोणी हॉस्पिटलच्या व्यवस्थेकडे. हे मी तज्ज्ञ म्हणून सांगत नाही, तज्ज्ञ माझ्यापेक्षा नक्कीच चांगले करतील. मला फक्त एका गोष्टीचा आग्रह धरायचा आहे, ती म्हणजे क्षेत्रकार्य.

आराखड्यात इंटर्नशिपला जास्तीत जास्त ४ क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास धरा. झाले १२० तास, म्हणजे बँकेतले जेमतेम १५ दिवस. १५ दिवसांत आमच्या नव्या क्लार्कला कॅश मोजता येत नाही, तिथे माणूस काय कळणार? समाजकार्याच्या अभ्यासात आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, दवाखान्यात जाण्याची जुनी पद्धत आहे. ती मुख्य विषयाच्या ८० क्रेडिटमध्ये बसवली पाहिजे, इंटर्नशिपच्या भरवशावर सोडता कामा नये.

आणि क्षेत्र शोधायला लांब जायला नको. आपण इथे बसलो आहोत तिथून आपले स्टेशन ऐकू येते. प्रतापनगरहून गाडी डभोई, बोडेलीवरून छोटा उदेपूरला जाते. २०१३ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तिकडे आदिवासी वस्ती आहे आणि सिकलसेलचा आजार आहे. आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली, आदिवासी भागात सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. तपासणी सोपी आहे, बोटाचे रक्त घेतले की झाले. पुढचे अवघड. अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात वाहक असल्याचे कार्ड दिले. आता ती ते घरी दाखवेल का? दाखवले तर लग्न मोडेल का? मोडले तर दोष कोणाला? वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तिच्या आजीला तिच्याच बोलीत कोण सांगणार? प्रयोगशाळेत याचे उत्तर नाही. आणि नुसते समाजशास्त्र शिकलेल्याला २५ टक्के कुठून आले ते सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात हे करून दाखवलेले आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यात कित्येक निरक्षर होत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि त्याचा अहवाल १९९९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. पुढे २००५ मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. हे दोन्ही पतिपत्नी डॉक्टर, पण त्यांनी लोकांच्या चालीरीती डॉक्टरकीइतक्याच गंभीरपणे अभ्यासल्या.

आता हिशेबाची बाजू, कारण मला माहीत आहे की चहाच्या वेळी पहिला प्रश्न हाच येणार. नोकरी लागेल का?

खोटे बोलत नाही. या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही. रोग्याला औषध देता येणार नाही, मानसोपचार करता येणार नाही. संस्था, हॉस्पिटले, सरकारी कार्यक्रम, विमा, संशोधन या ठिकाणी काम आहे, पण सुरुवातीचा पगार बेताचा आणि बऱ्याच जागा कंत्राटी. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावेच लागेल असे धरून चला. हे सगळे मी मुलीलाही सांगितले.

पण एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती पालकांना कोणी सांगत नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आहेत, वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्तेही आहेत. त्या कायद्यात शिक्षणाचे तास ठरवले आहेत. संलग्न व्यावसायिकाला किमान २००० तास, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला पदवीचे किमान ३६०० तास. म्हणजे विद्यापीठाने छान नावाची पदवी काढली आणि तास मोजले नाहीत, तर चार वर्षांनी आपली मुले दारात उभी राहतील आणि नोंदणी होणार नाही. याच कायद्याचा हवाला देऊन आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र, पोषण यांसारखे आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायला मनाई केली. तेव्हा घरबसल्या पदवी देतो अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी माझ्याकडे या, मी काही फी घेणार नाही.

कर्जाबद्दल दोनच वाक्ये. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही. पण बेताच्या पगाराच्या पदवीसाठी बाहेरगावच्या खासगी संस्थेचे मोठे कर्ज काढू नका, हे मी बँकेत बसून, म्हणजे माझ्याच धंद्याविरुद्ध, सांगतो आहे. म्हणूनच ही पदवी सरकारी विद्यापीठात हवी.

आणि इथे राजकारण येते. पूर्वी विद्यापीठाला १९४९ चा स्वतःचा कायदा होता, सिनेट होती, नोंदणीकृत पदवीधर मते देऊन आपली माणसे तिथे पाठवत. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी त्या निवडणुकांत किती रात्री जागवल्या ते त्यांनाच विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये विधानसभेने अकरा सरकारी विद्यापीठांसाठी एकच कायदा केला. सिनेट-सिंडिकेट गेली, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आले. प्रवेशही आता राज्याच्या एकाच पोर्टलवरून. सिनेटमध्ये भांडणे होत, वेळ जाई, हे मला मान्य आहे. पण पदवीधराला उभे राहून एक प्रश्न विचारता येत होता. आता तो प्रश्न विचारायला जागा उरलेली नाही, म्हणून निवेदन द्यावे लागते.

काही जण म्हणतील, मराठी मंडळाचा यात काय संबंध? आपण गणेशोत्सव करावा, नाट्यस्पर्धा करावी. करूच. पण आपली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. आपण याला आजवर अडचण समजत आलो. दवाखान्यात रोग्याच्या शेजारी बसून त्याच्या भाषेत विचारायचे काम असेल तर हेच आपले भांडवल आहे, आणि ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे.

मुलीने सध्या पोषणाला प्रवेश घेतला आहे. समाजशास्त्र गौण म्हणून मिळावे यासाठी अर्ज केला आहे, उत्तर आलेले नाही. क्षयाच्या औषधाच्या त्या बाई नंतर एकदा आल्या होत्या. पैसे आता आमच्या खात्यात येतात. गोळ्या पुन्हा सुरू केल्या का, हे मी विचारले. खिडकीवर रांग होती, त्या नुसत्या हसल्या आणि गेल्या. हो की नाही, मला कळले नाही.

निवेदनाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. मागण्या तीन. वरील फॅकल्टींची एकत्र समिती नेमावी, क्षेत्रकार्याचे तास २०२१ च्या कायद्याशी जुळवून मोजावेत, आणि तोपर्यंत निदान गौण विषयाची वेळापत्रके एकमेकांना आडवी येणार नाहीत असे करावे. आपल्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, दोन-तीन डॉक्टर आहेत, त्यांनी लाल पेन घेऊनच यावे. चुका दुरुस्त झाल्यावर पुढच्या रविवारी सह्या घेऊ.